बक्षीस एकाला, बंधन सगळ्यांना : एका बोर्ड गेम स्पर्धेचं प्रकरण

बोर्ड गेम डिझाइन स्पर्धेच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात एकच गोष्ट असते : जिंकणाऱ्याचा खेळ आम्ही प्रकाशित करू. नवख्या डिझायनरची नजर त्या ओळीवर खिळते, आणि ते साहजिकच आहे. इथे मांडलेलं प्रकरण मात्र न जिंकलेल्या खेळाचं आहे. अंतिम फेरीपर्यंत जाऊन परत आलेला हा खेळ पुढचं वर्षभर आयोजकही छापणार नव्हते आणि दुसऱ्या कोणाला छापूही देणार नव्हते. खेळ तयार करणाऱ्या बाईंच्या परवानगीने हे लिहितो आहे. त्यांचं, आयोजकांचं आणि पुढे आलेल्या उत्पादकाचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून गाळलं आहे.

माझा संबंध छपाईपुरता. नारायण पेठेत आमचा लहान प्रेस आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, मिठाईचे बॉक्स, आणि अलीकडे बोर्ड गेमचे नमुने. नमुना छापायला आलेली मंडळी फाइलसोबत करारही पुढे करतात, ‘जरा वाचून बघा’ म्हणून. मी वकील नाही, पण दरपत्रक आणि करार यांत खोच कुठे असते हे धंद्यात कळतं.

बाई भूगोल शिकवतात. खेळाचं नाव ‘हौद’. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारे मनोरे, बांधले आणि पेठांमध्ये हौद. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी ही नावं आज बसचा थांबा किंवा चौक म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पाणी कुठे गेलं ते कोणी विचारत नाही. खेळात प्रत्येक खेळाडू आपल्या पेठेकडे नळाची शाखा नेतो. वरच्या अंगाला ज्याचा हौद, त्याचा आधी भरतो. गाळ साचतो तोही वरच्याच अंगाला, पण पाणी तुटतं खालच्याचं. आपल्या वेळेला गाळ काढून सगळ्यांचं भलं करायचं, की शाखा वाढवून आपला हौद भरायचा, एवढाच पेच. चार जण खेळायला बसले की दहा मिनिटांत भांडण सुरू होतं. पाण्यावरून भांडणं पुण्याला नवी नाहीत.

पहिला नमुना त्यांनी घरी केला होता : कप्पा बोर्डवर, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर, चिकटवलेले प्रिंट, बोहरी आळीतून आणलेले निळे मणी आणि लुडोच्या सोंगट्या. दुसरा आमच्याकडे झाला. इंजिनिअरिंगला असलेला त्यांचा भाचा आकडेमोड बघायचा आणि प्रत्येक खेळानंतर वहीत तारीख घालून लिहायचा : कोण जिंकलं, कोण कंटाळलं, कुठला नियम बदलला. ही वही लक्षात ठेवा, पुढे कामी आली.

स्पर्धा दुसऱ्या शहरातल्या एका प्रकाशकाची होती. प्रवेश शुल्क १,५०० रुपये. नियमपुस्तिकेची पीडीएफ, खेळाची एका पानात ओळख आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा. अंतिम फेरीत निवड झाली तर नमुना स्वखर्चाने. पहिल्या क्रमांकाला प्रकाशनाचा करार आणि ५०,००० रुपये, रॉयल्टीपोटी आगाऊ. ‘हौद’ अंतिम फेरीत गेला, परीक्षकांनी मनापासून खेळून पाहिला, दोन पानी अभिप्राय दिला. करार दुसऱ्या खेळाला मिळाला. बाईंना प्रमाणपत्र आलं.

त्यानंतर महिन्याभरात धायरीचा एक उत्पादक पुढे आला. शाळांसाठी विज्ञानाचे संच बनवतो. एका शिक्षक मेळाव्यात त्याने ‘हौद’ खेळला होता आणि त्याला दिवाळीच्या सुट्टीआधी मराठीत १,००० प्रती काढायच्या होत्या. कागदाचे भाव विचारायला तो माझ्याकडे आला, मी खूश, बाई खूश. मग भाच्याने स्पर्धेचा अर्ज पुन्हा उघडला.

खूण केलेली दोन कलमं

अर्जाच्या शेवटी ‘नियम व अटी मान्य’ अशी चौकट होती, तिच्यात सगळ्यांप्रमाणे बाईंनीही खूण केली होती. मजकूर इंग्रजीत होता, त्यातल्या दोन कलमांचा मराठीत आशय असा. एक, अंतिम फेरीतल्या प्रत्येक खेळावर निकालापासून बारा महिने आयोजकांचा पहिला हक्क राहील, म्हणजे तो छापायचा की नाही हे आधी ते ठरवतील, आणि त्या मुदतीत सहभागी व्यक्ती तो खेळ इतर कोणालाही देणार नाही. दोन, परीक्षकांच्या अभिप्रायातून झालेल्या सुधारणांवर आयोजकांचा अधिकार राहील.

पहिलं कलम वेळ अडवतं, दुसरं थेट खेळाच्या पोटात हात घालतं. बाईंना पहिल्याचा राग आला होता. मला दुसरं जास्त घातक वाटलं, आणि अजूनही वाटतं. बारा महिने कधीतरी संपतात. पण ‘तुमच्या खेळातला हा भाग आमच्या माणसाने सुचवला’ हा वाद खेळ चालला तर पाच वर्षांनीही उकरून काढता येतो.

शिवाजीनगर कोर्टात वकिली करणारी बाईंची एक माजी विद्यार्थिनी आहे. तिच्यासमोर कागद ठेवले तेव्हा तिने कलमांकडे न बघता आधी विचारलं, “बाई, या खेळात तुमच्या मालकीचं नेमकं काय आहे?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. खेळ खेळण्याच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही, १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये ते सरळ वगळलेलं आहे. कॉपीराइट कल्पनेला नसतो, मांडणीला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे वरच्या हौदाचं पाणी आधी भरतं, ही युक्ती उद्या कोणीही वापरू शकतो. बाईंचं काय, तर नियमपुस्तिकेतले शब्द, पटावरची आणि पत्त्यांवरची चित्रं, आणि नोंदवलं तर नाव.

तिने जोडीला ‘स्क्रॅब्युलस’चं उदाहरण दिलं. कोलकात्याच्या दोन भावांनी स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळासारखा ऑनलाइन खेळ काढला, स्क्रॅबलचे हक्क असलेली मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २००८ च्या निकालात न्यायालयाने पटावरचा कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही, मात्र नावाच्या बाबतीत ट्रेडमार्कचं संरक्षण दिलं. त्यात आणखी एक बारकावा होता. एखादी रचना डिझाइन म्हणून नोंदवण्याजोगी असेल, पण नोंदवली नसेल, तर औद्योगिक पद्धतीने तिच्या पन्नासहून जास्त प्रती निघाल्या की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये हे आहे. आणि डिझाइनची नोंदणी करायची तर खेळ बाजारात येण्याआधी. हे ऐकून बाई जरा खचल्या. एवढ्या मेहनतीच्या गोष्टीचं कायद्याच्या हिशेबात वजन इतकं कमी!

पण माझ्या मते प्रकरणाची किल्ली इथेच होती. कायदा खेळाला फार थोडं देतो, म्हणून डिझायनर आणि प्रकाशक यांच्यात जे काही उरतं ते करारात उरतं. प्रकाशकाला ‘हौद’सारखा खेळ बाईंना न विचारताही काढता आला असता. त्याला बाई हव्या होत्या त्या तयार, खेळून घासलेल्या खेळासाठी. नियमपुस्तिका, चित्रं, समतोल साधलेले आकडे, आणि पुढच्या आवृत्तीत शंका आली तर उत्तर देणारं माणूस. हे सगळं बाईंच्या हातात होतं. स्पर्धेच्या अर्जाने त्यातलं बरंच बिनपैशांत बांधून घेतलं होतं.

लढायचं की विचारायचं

पहिला हक्क म्हणजे हक्कांचं हस्तांतरण नव्हे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं, कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, रॉयल्टी काय, हे त्यात लिहावं लागतं. चौकटीतल्या खुणेतून एवढं निघत नव्हतं. म्हणून ‘हौद’ अजून पूर्णपणे बाईंचाच होता. मात्र वचन दिलेलं होतं, आणि ऑनलाइन दिलं म्हणून ते हवेत विरत नाही.

वचन मोडायचे रस्ते भाच्याने शोधून ठेवले होते. मोबदल्याशिवाय करार होत नाही, असं म्हणता आलं असतं. समोरून उत्तर आलं असतं, परीक्षण आणि अभिप्राय हाच मोबदला. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्याला बंदी घालणारे करार अवैध ठरवतं, तेही पुढे करता आलं असतं. पण करार चालू असतानाच्या मर्यादित बंधनांना न्यायालयं सहसा हात लावत नाहीत. आणि मुख्य म्हणजे धायरीच्या उत्पादकाला वादातला खेळ नको होता. दिवाळी कोर्टाच्या तारखांसाठी थांबत नाही.

“त्यांनी हा हक्क फुकट घेतलाय, बाई,” वकीलबाई म्हणाली. “फुकट घेतलेली वस्तू माणूस कपाटात टाकून विसरतो. आपण त्यांना कपाट उघडायला लावू.”

पत्र एका पानाचं झालं. त्यात तक्रार नव्हती. आशय असा : तुमच्या पहिल्या हक्कानुसार ‘हौद’ आम्ही तुम्हाला देऊ करत आहोत, सोबत अपेक्षित अटी जोडल्या आहेत, तीस दिवसांत होकार कळवावा. होकार नसेल तर खेळ मोकळा करावा. खेळ राखूनच ठेवायचा असेल तर उरलेल्या महिन्यांसाठी ठरावीक रक्कम द्यावी. दुसरा उत्पादक तयार आहे हेही लिहिलं, नाव न देता.

राखणावळ मागायची कल्पना मला सगळ्यात आवडली. हॉल बुक करून ठेवायचा तर आपण पैसे भरतो, इथे मात्र वर्षभर खेळ अडवून ठेवायला कोणी दमडी मोजत नव्हतं. बाईंना मागायला संकोच वाटत होता. शिक्षकांना पैसे मागणं जमत नाही, हा माझा जुना अनुभव.

दुसऱ्या कलमासाठी वही उपयोगी पडली. परीक्षकांची मोठी सूचना अशी होती की गाळ फाशावर ठरवू नका, पत्त्यांचा गठ्ठा करा, म्हणजे नशिबाचा भाग आटोक्यात येईल. सूचना बरोबरच होती. पण गाळाचे पत्ते बाईंनी स्पर्धेआधीच्या उन्हाळी सुट्टीत करून पाहिले होते, मुलांना फासा टाकायला मजा येते म्हणून परत फासा ठेवला होता. वहीत त्या दिवसाची तारीख, खेळणाऱ्यांची नावं आणि पत्त्यांचं प्रमाण, सगळं होतं. पत्रासोबत त्या पानांच्या प्रती जोडल्या आणि लिहिलं की ही सुधारणा आमचीच आहे असं आम्ही समजतो, हरकत असेल तर याच मुदतीत कळवावं.

मुदत संपायला थोडे दिवस असताना उत्तर आलं. भाषा सौजन्याची होती. खेळ आवडला आहे, यंदाची यादी भरली आहे, पुढच्या वर्षी विचार करू. राखणावळ देणार नाहीत. मात्र फक्त मराठी आवृत्तीपुरता खेळ मोकळा करायला हरकत नाही, हिंदी आणि इंग्रजीवरचा पहिला हक्क मुदत संपेपर्यंत राहील. गाळाच्या पत्त्यांबाबत दावा नाही.

पूर्ण मोकळीक मिळाली नाही म्हणून भाचा नाराज होता. मला हे उत्तर अपेक्षेपेक्षा चांगलं वाटलं. मराठीतला खेळ त्या प्रकाशकाच्या यादीत कधीच बसणार नव्हता. ज्या गोष्टीची त्यांना गरज नव्हती ती त्यांनी सोडली, बाईंना नेमकी तीच हवी होती. हक्क भाषेप्रमाणे, प्रदेशाप्रमाणे, काळाप्रमाणे तुकड्यांत देता येतात, हे नवख्या डिझायनरला कोणी सांगत नाही. तो ‘खेळ दिला’ म्हणतो आणि सगळाच देऊन बसतो.

पैशांचा हिशेब

जिंकले असते तर काय हाती आलं असतं, ते बाईंनी एकदा विचारलं. कागदावर मांडून दाखवलं. समजा छापील किंमत ७९९ रुपये. कर आणि विक्रेत्यांचं कमिशन जाऊन प्रकाशकाच्या हाती साधारण ४०० येतात. स्पर्धेच्या करारात रॉयल्टी या रकमेवर ६ टक्के होती, म्हणजे प्रतीमागे २४ रुपये. आगाऊचे ५०,००० फिटायलाच दोन हजारांवर प्रती खपाव्या लागतात, त्यानंतर पुढचा रुपया. आगाऊ रक्कम परत मागत नाहीत ही त्यातली चांगली बाजू. जगभर ही टक्केवारी पाच ते आठच्या आसपास फिरते, त्यामुळे ६ ला लूट म्हणता येत नाही. पण टक्केवारी कशावर, हे आधी बघावं. छापील किमतीवर ५ टक्के म्हणजे जवळपास ४० रुपये, हाती आलेल्या रकमेवर ६ टक्के म्हणजे २४.

धायरीच्या उत्पादकाने ५९९ किंमत ठेवली. शाळांना आणि संग्रहालयांच्या दुकानांना तो थेट माल देतो, त्यामुळे त्याच्या हाती सरासरी ३७५ येतात. त्यावर ८ टक्के, म्हणजे ३० रुपये. हजार प्रतींचे ३०,००० होतात. आगाऊ काही नाही, दर तीन महिन्यांनी हिशेब.

मग स्वतःच का नाही छापायचं, असा प्रश्न येतोच. हजार प्रती छापणं अवघड नाही. छपाईची प्लेट, पुठ्ठा कापायचा साचा, बॉक्सला घडीच्या रेघा पाडायची तयारी हा खर्च एकदाच, त्यामुळे दोनशे प्रती महाग पडतात आणि हजार परवडतात. अडतं ते दुसरीकडे. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ‘हौद’ उघडपणे शाळकरी मुलांसाठी आहे. बॉक्सवर ‘१४ वर्षांवरील’ छापून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत, पण कायदा खेळणं उघडपणे कोणासाठी बनवलंय ते बघतो, नुसतं लेबल नाही. परवाना घ्यायचा, चाचण्या करायच्या, तो राखायचा, हे एका खेळासाठी एका शिक्षिकेच्या आवाक्यातलं नाही. धायरीवाल्याकडे तो होता. प्रकाशक नुसते पैसे लावतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

करारात वकीलबाईने तीन गोष्टी घालून घेतल्या. हक्क फक्त मराठी आवृत्तीचे आणि पाच वर्षांचे. पहिली आवृत्ती ठरल्या तारखेपर्यंत बाजारात आली नाही, किंवा नंतर सलग वर्षभर खेळ उपलब्ध नसेल, तर हक्क आपोआप परत. यावर चर्चा जास्त झाली. कॉपीराइट कायद्यात तशी तरतूद आहे, हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरले नाहीत तर हस्तांतरण संपलं असं धरतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. छापील करारात बहुधा वेगळंच लिहिलेलं असतं, ‘प्रकाशनाची वेळ प्रकाशक ठरवेल’ एवढ्या चार शब्दांत ती तरतूद निकामी होते. स्पर्धा जिंकणाऱ्याच्या करारातही हेच शब्द होते. तो खेळ अजून आलेला नाही असं ऐकतो.

तिसरी गोष्ट बॉक्सवर बाईंचं नाव. उत्पादक बिचकला, विज्ञानाच्या संचावर कोणाचं नाव नसतं म्हणे. जर्मनीत १९८८ मध्ये न्यूरेम्बर्गच्या खेळणी मेळ्यात तेरा डिझायनरांनी बिअरच्या ग्लासाखालच्या चकतीवर लिहून सह्या केल्या होत्या की बॉक्सवर नाव नसेल तर खेळ देणार नाही. तिथली प्रथा तिथून पक्की झाली. हा किस्सा उत्पादकाला सांगितला, तो हसला आणि मान्य केलं. नाव बॉक्सच्या पुढच्या बाजूला आहे, माझ्या मते जरा लहान टायपात.

स्पर्धा कोणाची, यावर बरंच असतं

या प्रकरणावरून स्पर्धांच्या वाटेला जाऊ नका असा अर्थ कोणी काढू नये. बाईंना मिळालेला दोन पानी अभिप्राय १,५०० रुपयांत स्वस्त होता, आणि अंतिम तारीख नसती तर नियमपुस्तिका अजून लिहूनच झाली नसती. फरक पडतो तो स्पर्धा कोण भरवतं याने. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या बुलोन-बियांकूरची आणि जर्मनीतल्या हिप्पोडाइस या खेळ-क्लबची, या दोन जुन्या स्पर्धांचे आयोजक स्वतः प्रकाशक नव्हते. खेळ निवडायचे, प्रकाशकांच्या नजरेस आणायचे, पुढचा सौदा डिझायनरने करायचा. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने टॉयकॅथॉन ही खेळणी आणि खेळ बनवण्याची स्पर्धा भरवली, तिथेही आयोजक खेळ विकणारा नव्हता. प्रकाशकच आयोजक असतो तेव्हा स्पर्धा ही त्याच्यासाठी खेळ निवडायची खिडकी असते. त्यात गैर नाही. पण मग जिंकणाऱ्यावर हक्क ठेवा, हरणाऱ्याला लगेच सोडा. फार तर तीन महिने. सगळ्या अंतिम फेरीला वर्षभर धरून ठेवणं म्हणजे प्रवेश शुल्क घेऊन वर कच्चा माल फुकट साठवणं.

‘हौद’ दिवाळीच्या सुट्टीआधी आठ दिवस बाजारात आला. उशीर माझ्याकडून नव्हता, बॉक्सच्या कप्पा बोर्डची जाडी उत्पादकाने ऐनवेळी बदलली. पहिल्या तिमाहीचा हिशेब आला आहे, चारशेवर प्रती गेल्या, निम्म्या शाळांत. इंग्रजी आणि हिंदीवरचा हक्क फेब्रुवारीत संपतोय आणि त्या प्रकाशकाकडून अजून काही कळलेलं नाही. त्या तारखेनंतर मुदत संपल्याची लेखी पोच मागायची, असं वकीलबाईने सांगून ठेवलंय.

भाच्याचा स्वतःचा एक खेळ तयार होतो आहे, मार्केट यार्डातल्या अडत्यांवर. त्याला दोन स्पर्धांत भाग घ्यायचा आहे. शुल्क भरण्याआधी त्याने दोन्हीकडे तेच प्रश्न पाठवले : न जिंकलेल्या खेळावर तुमचा हक्क किती दिवस, आणि अभिप्रायातल्या सूचना कोणाच्या. एकाने त्याच दिवशी कळवलं, हक्क काहीच नाही आणि सूचना तुमच्या. दुसऱ्याने नियमावलीची लिंक परत पाठवली.